खंडणीच्या बाजारातील साळसूद गिऱ्हाइके

१ जून २०२० रोजी अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयातील काही संगणक अचानक मुके झाले. करोनाने जग हवालदिल झाले असताना ज्या संस्था त्या रोगावर संशोधन करीत होत्या, त्यांत या विद्यापीठाची गणना होत होती. संगणकांच्या पडद्यावर एक चिठ्ठी तेवढी उरली होती. तुमच्या फायली आम्ही कुलूपबंद केल्या आहेत, किल्ली हवी असेल तर अमुक ठिकाणी येऊन बोला, असा तिचा आशय. विद्यापीठाचा माणूस त्या गुप्त ठिकाणी बोलायला गेला आणि पुढे जी घासाघीस झाली, ती 'बीबीसी'च्या बातमीदाराने पडद्यावर प्रत्यक्ष पाहिली. म्हणूनच तुम्हाआम्हाला ती कळली. एरवी असल्या गोष्टी चार भिंतींबाहेर येत नाहीत.

चोरांनी मागितले तीस लाख डॉलर. विद्यापीठाने महामारीने आमचे कंबरडे मोडले आहे अशी काकुळती करून सात लाख ऐंशी हजार देऊ केले. त्यावर चोरांनी जे उत्तर दिले ते मासलेवाईक आहे. एवढ्या पैशात तुमच्या सगळ्या कर्मचाऱ्यांना मॅकडोनाल्डचे खाणे खाऊ घाला, असे त्यांनी सुनावले. वर, वर्षाला अब्जावधी डॉलर मिळवणाऱ्या संस्थेने एवढा रडका चेहरा करावा का, असा उपदेशही केला. मग विद्यापीठ दहा लाख वीस हजारांवर आले. चोर पंधरा लाखांच्या खाली यायला तयार नव्हते. अखेरीस अकरा लाख चाळीस हजार डॉलरवर सौदा तुटला आणि ११६.४ बिटकॉइन चोरांच्या खात्यात जमा झाले. त्यानंतर विद्यापीठाने एक निवेदन काढले. लोकहिताच्या शैक्षणिक कार्यासाठी ही माहिती महत्त्वाची असल्यामुळे 'खंडणीचा काही भाग' देण्याचा कठीण निर्णय आम्हाला घ्यावा लागला, असे त्यात म्हटले होते.

'काही भाग' या दोन शब्दांकडे वाचकांनी जरा निरखून पाहावे. तीस मागितले, अकरा दिले, म्हणजे जणू एकोणीस लाखांची बचत झाली! चोराशी भाव करून भाव पाडला, याचे समाधान त्या दोन शब्दांत दडलेले आहे. आमचा सारा आक्षेप या समाधानाला आहे. गेल्या काही वर्षांत जगभरच्या उद्योगांनी खंडणी देणे ही व्यवहारातील एक नेहमीची बाब करून टाकली आहे. तिच्यासाठी सल्लागार आहेत, विमा आहे, वाटाघाटींचे तंत्र आहे, सभ्य परिभाषा आहे. नाही ती फक्त लाज, आणि नाही ते कोणालाही उत्तर देण्याचे बंधन.

पाहुणचाराची रीत

या धंद्याची रीत एकदा समजून घेतली पाहिजे. आम्ही कला शाखेचे, संगणकाच्या अंतरंगाशी आमचा परिचय बेताचा; पण ही रीत कळायला संगणक कळावा लागत नाही. चंबळच्या खोऱ्यातील 'पकड' ज्यांना ठाऊक आहे, त्यांना ती सहज उमगेल.

चोर शिरतो बहुधा एखाद्या विसरलेल्या दरवाजाने. 'कलोनियल पाइपलाइन' ही कंपनी अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याला लागणाऱ्या इंधनापैकी जवळपास निम्मे इंधन वाहून नेते. मे २०२१ मध्ये तिच्या यंत्रणेत चोर शिरले ते वापरातून गेलेल्या एका खात्याच्या पासवर्डने. चोर आत आला की लगेच काही करीत नाही. तो कित्येक दिवस घरात हिंडतो, कागद वाचतो, मौल्यवान काय आहे ते पाहतो, त्याच्या नकला बाहेर नेतो, आणि मग एका रात्री सारे कुलूपबंद करून चिठ्ठी ठेवतो. बोलणी सुरू होतात तेव्हा त्याला तुमचा ताळेबंद तुमच्या लेखापालाइतकाच ठाऊक असतो. पहिली मागणी हवेतून येत नाही. ती तुमच्या उलाढालीवर बेतलेली असते. तुमच्या विम्याचा कागद हाती लागला असेल तर विचारायलाच नको. 'हार्डबिट' नावाच्या एका टोळीने तर आपल्या चिठ्ठीतच शिकार झालेल्यांना सुचवले होते की, तुमच्या विम्याची मर्यादा किती ते गुपचूप आम्हाला सांगा, म्हणजे विमा कंपनीकडून पुरेपूर वसूल होईल आणि तुमचे नुकसान होणार नाही. चोर आणि यजमान मिळून तिसऱ्याच्या खिशात हात घालू या, असा हा प्रेमळ प्रस्ताव!

पुढचे टप्पे ठरलेले असतात. पडद्यावर घड्याळ उलटे चालू लागते. मुदत संपली तर रक्कम दुप्पट, नाहीतर माहिती जगजाहीर. ओलीस जिवंत असल्याची खूण म्हणून दोनतीन फायली फुकट उघडून दाखवल्या जातात. कंपनीच्या बाजूने बोलणारा कधी संचालक मंडळाच्या बैठकीचे निमित्त सांगतो, कधी बँकेचे, कधी आजारपणाचे. चोर सवलत देतो. लवकर दिलेत तर आणखी सवलत. मग आधी एक लहानशी रक्कम चाचणी म्हणून पाठवायची, ती पोचली की उरलेली. किल्ली मिळते. आणि जाता जाता 'तुमच्या घराला कडी कशी लावावी' याचा सल्लाही मिळतो.

हा शेवटचा भाग आम्ही पदरचा घातला असे कोणाला वाटेल. पण जुलै २०२० मध्ये 'सीडब्ल्यूटी' या व्यावसायिक प्रवास सांभाळणाऱ्या अमेरिकी कंपनीने ४१४ बिटकॉइन, म्हणजे तेव्हाचे पंचेचाळीस लाख डॉलर मोजले, तेव्हा हेच झाले. मागणी एक कोटीची होती. ही बोलणी ज्या जागी चालली ती उघडीच राहिली आणि 'रॉयटर्स'ने ती जगापुढे मांडली. त्यात चोर पासवर्ड दरमहा बदलण्याचा आणि यंत्रणेवर चोवीस तास माणसे ठेवण्याचा सल्ला देतात, आणि तुमच्यासारख्या व्यावसायिकांबरोबर काम करताना आनंद वाटला, असा निरोप घेतात. दरोडेखोराने जाताना उंबऱ्यावर थांबून 'पुन्हा येईन हं' म्हणावे आणि घरधन्याने पानसुपारी द्यावी, त्यातला हा प्रकार.

या शिष्टाचाराला भुलण्याचे कारण नाही. २०२२ च्या फेब्रुवारीत रशियाने युक्रेनवर आक्रमण केले. 'काँटी' टोळीने रशियाची बाजू घेताच त्या टोळीची अंतर्गत कागदपत्रे कोणीतरी फोडली. त्यांतून दिसली ती रीतसर कचेरी. महिन्याचा पगार, भरती करणारे, सुट्ट्या, वरिष्ठांच्या कटकटी, आणि गिऱ्हाइकाशी बोलणारा स्वतंत्र वर्ग. त्या माणसांनी सभ्य बोलणे हा त्यांच्या नोकरीचा भाग होता. भाषा सभ्य ठेवली की समोरच्यालाही आपण खंडणी देत नसून एखादे देयक चुकते करीत आहोत असे वाटू लागते, हे या लोकांनी अचूक ओळखले आहे. आपल्याकडच्या शेटजींना ते अजून ओळखता आलेले नाही.

चोराच्या शब्दाचे मोल

खंडणी देणाऱ्यांचा मुख्य युक्तिवाद असा की, हा शेवटी व्यवहार आहे आणि चोरालाही आपली पत राखायची असते. तो शब्द पाळतो, नाहीतर पुढे कोण पैसे देईल? वरवर पाहता युक्तिवाद बिनतोड वाटतो. अनुभव काय सांगतो?

फेब्रुवारी २०२४ मध्ये 'चेंज हेल्थकेअर' या अमेरिकी कंपनीवर घाला आला. त्या देशातील रुग्णालये, औषधविक्रेते आणि विमा कंपन्या यांच्यातील देण्याघेण्याचा प्रचंड व्यवहार या एका कंपनीमार्फत चालतो. औषधांच्या दुकानांत रुग्ण ताटकळले, दवाखान्यांचे पगार अडले. कंपनीने दोन कोटी वीस लाख डॉलर दिले. तिच्या मूळ कंपनीचे प्रमुख अँड्र्यू विटी यांनी अमेरिकी सिनेटपुढे तसे कबूलही केले. मग काय झाले? 'ब्लॅककॅट' टोळीच्या म्होरक्यांनी सगळी रक्कम गिळली, ज्या साथीदाराने प्रत्यक्ष दरोडा घातला होता त्याला ठेंगा दाखवला, आपले संकेतस्थळ पोलिसांनीच जप्त केल्याचा खोटा फलक लावला आणि पोबारा केला. माहिती मात्र त्या फसलेल्या साथीदाराकडेच राहिली. दोन महिन्यांच्या आत 'रॅन्समहब' नावाची दुसरी टोळी तीच माहिती दाखवून पुन्हा पैसे मागत होती. सुमारे एकोणीस कोटी माणसांच्या आजारांची, उपचारांची, देयकांची ही माहिती. चोरांची पत ती हीच!

याहून केविलवाणी कथा शाळांची आहे. 'पॉवरस्कूल' या कंपनीकडे अमेरिका आणि कॅनडातील कोट्यवधी विद्यार्थ्यांच्या नोंदी असतात. डिसेंबर २०२४ मध्ये त्या चोरीला गेल्या. कंपनीने पैसे दिले. बदल्यात चोराने माहिती पुसून टाकत असल्याची चित्रफीत दाखवली आणि कंपनीने तिच्यावर विसंबून पालकांना धीर दिला. मे २०२५ मध्ये तीच माहिती पुढे करून एकेका शाळा मंडळाकडे स्वतंत्रपणे खंडणी मागितली जाऊ लागली. संगणकातील माहितीच्या हव्या तितक्या प्रती निघतात हे शाळकरी पोरालाही ठाऊक असते. शाळांना संगणक-प्रणाली विकणाऱ्या कंपनीला चित्रफीत पाहून ते विसरावेसे वाटले. या प्रकरणी पुढे गुन्हा कबूल केला तो एका एकोणीस वर्षांच्या महाविद्यालयीन विद्यार्थ्याने.

आणि हे अपवाद म्हणावेत तर ब्रिटनच्या राष्ट्रीय गुन्हे अन्वेषण संस्थेने फेब्रुवारी २०२४ मध्ये इतर देशांच्या साहाय्याने 'लॉकबिट' या त्या काळच्या सर्वांत मोठ्या टोळीच्या यंत्रणेत शिरून ती ताब्यात घेतली, तेव्हा पैसे चुकते केलेल्या शिकारींची माहितीही तेथे तशीच ठेवलेली आढळली. जी कंपनी आपल्या भागधारकांना 'माहिती नष्ट झाली आहे' असे सांगून मोकळी झाली, तिचेच कपाट चोराच्या घरात होते.

किल्ली मिळाली तरी तिने कुलूप उघडतेच असे नाही. कलोनियलने ७५ बिटकॉइन, म्हणजे सुमारे चव्वेचाळीस लाख डॉलर देऊन किल्ली आणली. ती इतकी मंद चालत होती की कंपनीला आपल्या बॅकअपवरूनच काम पुढे रेटावे लागले. (त्यांतील ६३.७ बिटकॉइन अमेरिकी तपास यंत्रणेने महिन्याभरात परत मिळवले. कंपनीने हल्ल्याची खबर वेळीच दिली होती म्हणून ते शक्य झाले, ही गोष्ट गुपचूप पैसे देणाऱ्यांनी ध्यानात घ्यावी.) काही वेळा तर किल्लीच नसते. जून २०१७ मध्ये आपल्या न्हावाशेव्याच्या जवाहरलाल नेहरू बंदरातील, मर्स्क समूहाकडे असलेले टर्मिनल बंद पडले, ते 'नॉटपेट्या' नावाच्या आज्ञावलीने. पडद्यावर तीनशे डॉलर मागितले होते. पण ती खंडणी हा देखावा होता. माहिती कायमची नासवणे हा हेतू होता, आणि रशियाच्या लष्कराने युक्रेनविरुद्ध सोडलेले ते हत्यार होते, असे अमेरिका आणि ब्रिटन यांनी पुढे जाहीर केले. समोरचा चोर आहे की चोराचा मुखवटा घातलेला शत्रुदेशाचा सैनिक, हे चॅटच्या खिडकीतून कळायला मार्ग नसतो. वाटाघाटींच्या तज्ज्ञांनाही नसतो.

मध्यस्थांची चांदी

या तज्ज्ञांविषयी दोन शब्द बोलले पाहिजेत. त्यांतील कित्येक जण प्रामाणिक असतील. कसबीही असतात. जानेवारी २०२३ मध्ये ब्रिटनच्या 'रॉयल मेल'वर लॉकबिटने घाला घातला आणि आठ कोटी डॉलर मागितले, तेव्हा डाकसेवेच्या बाजूने बोलणाऱ्याने चोरांना कित्येक दिवस झुलवत ठेवले. तुम्ही आमच्या मूळ कंपनीचा ताळेबंद वाचलात, आम्ही तर तिची तोट्यातली एक शाखा, असे त्याने पटवायचा प्रयत्न केला. वैद्यकीय साहित्य पाठवायचे अडले आहे, तेवढ्या दोन फायली नमुना म्हणून उघडून द्या, असेही साळसूदपणे मागितले. त्या दोन फायलींच्या आधारे सारी यंत्रणाच उभी करता येईल हे चोरांच्या ध्यानी आले आणि डाव फसला. पण शेवटी असली अवाच्या सवा रक्कम आम्ही कदापि देणार नाही, असे त्यांना स्पष्ट सांगण्यात आले. दमडी दिली गेली नाही. चिडलेल्या चोरांनी ते सारे संभाषण स्वतःच प्रसिद्ध करून टाकले. वाटाघाटींचा हा उपयोग आम्हाला मान्य आहे. शत्रूला बोलण्यात गुंतवून आपला तट दुरुस्त करून घेणे, ही नीती शिवछत्रपतींच्या महाराष्ट्राला कोणी शिकवायला नको.

परंतु पैसे देण्यासाठीच बोलणाऱ्यांचा वर्ग निराळा. २०१९ मध्ये अमेरिकेतील 'प्रोपब्लिका' या शोधपत्रकारिता करणाऱ्या संस्थेने उघड केले की, स्वतःच्या तंत्राने माहिती सोडवून देतो म्हणणाऱ्या कंपन्या प्रत्यक्षात चोरांना पैसे देऊन वर आपले शुल्क आकारत होत्या. यालाही मागे टाकणारी गोष्ट २०२५ च्या नोव्हेंबरात बाहेर आली. खंडणीच्या वाटाघाटी करून देणाऱ्या एका कंपनीत काम केलेल्या माणसावर, आणि सुरक्षा क्षेत्रातीलच एका दुसऱ्या अधिकाऱ्यावर, ब्लॅककॅटचीच आज्ञावली वापरून स्वतः दरोडे घातल्याचे आरोपपत्र अमेरिकी सरकारने ठेवले. फ्लोरिडातील वैद्यकीय उपकरणे बनवणाऱ्या एका कंपनीकडून त्यांनी सुमारे तेरा लाख डॉलर उकळल्याचे त्यात म्हटले आहे. सगळे मध्यस्थ असे नसतात, हे मान्य. पण ज्या व्यवहारात दोन्ही बाजूंना नेमके काय झाले हे कोणी कधी विचारणार नाही याची खात्री असते, त्या व्यवहारात कुंपण शेत खाणारच.

मुंबईने हे भोगले आहे

मराठी वाचकाला खंडणी म्हणजे काय हे समजावून सांगण्याची गरज नाही. नव्वदीच्या दशकात मुंबईच्या बिल्डरांना, चित्रपट निर्मात्यांना, हॉटेलवाल्यांना दुबईहून आणि कराचीहून दूरध्वनी येत. एक 'पेटी', एक 'खोका' अशी परिभाषा रुळली होती. त्याही वेळी धनिकांचा युक्तिवाद हाच होता. पोलिसांकडे जाऊन जिवावर कशाला बेतून घ्या, देऊन टाकू आणि धंदा बघू. पुष्कळांनी देऊन टाकले. प्रत्येकाने आपला प्रश्न सोडवला आणि शहराचा प्रश्न वाढवला. त्या पैशातून बंदुका आल्या, माणसे आली, आणि १२ ऑगस्ट १९९७ रोजी अंधेरीत मंदिरातून बाहेर पडणाऱ्या गुलशनकुमार यांना दिवसाढवळ्या गोळ्या घालण्याइतकी मुजोरी आली. १९९९ मध्ये राज्याला संघटित गुन्हेगारीविरुद्ध 'मकोका'सारखा कठोर कायदा करावा लागला. दूरध्वनी कमी झाले ते तक्रारी होऊ लागल्या आणि टोळ्यांची आर्थिक नाकेबंदी झाली तेव्हा. भाव पाडून मागितल्यामुळे ते कमी झाले नव्हते.

आजची खंडणी याहून वेगळी नाही. फरक एवढाच की त्या वेळी निदान स्वतःच्या जिवाची भीती होती. आज बहुतेक वेळा भीती असते ती बदनामीची आणि शेअरचा भाव उतरण्याची. आणि जी माहिती ओलीस असते ती कंपनीची नसतेच. ती तुमचीआमची असते.

'नाही' म्हणणाऱ्यांची किंमत

'नाही' म्हणणे स्वस्त नसते, हे आम्हाला ठाऊक आहे. मार्च २०१९ मध्ये नॉर्वेच्या 'नॉर्स्क हायड्रो' या अॅल्युमिनियम बनवणाऱ्या कंपनीवर हल्ला झाला. पस्तीस हजार कर्मचारी, चाळीस देश. कंपनीने पहिल्याच दिवशी पत्रकारांना बोलावून सारे सांगितले आणि खंडणी देणार नाही हेही सांगितले. कारखाने हाताने चालवले. जुन्या कागदी पद्धती ठाऊक असलेले निवृत्त कामगार मदतीला धावून आले. नुकसान झाले ते सुमारे सात कोटी डॉलरचे. पण कंपनीचा लौकिक गेला नाही, वाढला.

आयर्लंडची कसोटी अधिक कठीण होती. मे २०२१ मध्ये तेथील सार्वजनिक आरोग्यसेवाच काँटीने बंद पाडली. कर्करुग्णांचे उपचार पुढे ढकलावे लागले, प्रसूतिगृहांत कागदावर नोंदी सुरू झाल्या. मागणी सुमारे दोन कोटी डॉलरची होती. तेथील सरकारने जाहीरपणे नकार दिला. आठवडाभरात चोरांनी स्वतःच किल्ली फुकट देऊन टाकली. माहिती फोडण्याची धमकी मात्र कायम ठेवली. सारे सुरळीत व्हायला चार महिने लागले.

येथे कोणी विचारील, की आपला मुलगा अतिदक्षता विभागात असता तर? प्रश्न रास्त आहे, आणि त्याला छापील उत्तर नाही. माणसाचा जीव ओलीस असेल तेव्हा राष्ट्रांनाही वाकावे लागते. डिसेंबर १९९९ मध्ये कंदाहारला दीडशेहून अधिक ओलिसांसाठी तीन अतिरेकी सोडावे लागले. अपहरणकर्त्यांची मूळ मागणी छत्तीस जणांची होती. तो निर्णय योग्य की अयोग्य यावर आजही घराघरांत वाद झडतो. पण ज्यांनी तो घेतला त्यांनी तो उघडपणे घेतला, संसदेत त्याची उत्तरे दिली, आणि त्याचे ओझे आजवर वाहिले. खंडणी देणाऱ्या कंपनीच्या संचालकांना हे कोणी विचारते काय? त्यांचा कंदाहार एका बंद खोलीत दोन दिवसांत आटोपतो आणि ताळेबंदात 'इतर खर्च' म्हणून निजतो.

आपल्याकडे काय?

आपल्याकडचे चित्र संमिश्र आहे. २३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्लीच्या 'एम्स'चे सर्व्हर बंद पडले. दोनशे कोटींची मागणी झाल्याच्या बातम्या आल्या. दिल्ली पोलिसांनी त्या नाकारल्या. बाह्यरुग्ण विभाग कित्येक दिवस कागदावर चालला, देशाच्या कानाकोपऱ्यांतून आलेले रुग्ण रांगांत तिष्ठले. पण रुग्णालयाची माहिती परत मिळाली ती धक्का न लागलेल्या एका बॅकअप सर्व्हरवरून, असे सरकारने संसदेत सांगितले. म्हणजे तरणोपाय होता तो जपून ठेवलेल्या प्रतीत.

दुसरी घटना आमच्या वाचकांच्या अधिक जवळची आहे. ३१ जुलै २०२४ रोजी राष्ट्रीय देयक महामंडळाने 'सी-एज टेक्नॉलॉजीज' या कंपनीला देयक-जाळ्यापासून तोडले. तिच्यावर रॅन्समवेअरचा हल्ला झाला होता. लहान सहकारी आणि ग्रामीण बँकांना संगणक-सेवा देणारी ही कंपनी; सुमारे तीनशे बँकांच्या ग्राहकांचे यूपीआय आणि एटीएम त्या दिवशी अडले. दुसऱ्या दिवशी सेवा पूर्ववत झाली आणि देश ते विसरलाही. पण महाराष्ट्राने विसरू नये. सहकारी बँक ही आपल्या जिल्ह्यांची रक्तवाहिनी आहे. शिक्षकाची निवृत्तीची पुंजी, शेतकऱ्याचे पीककर्ज, गृहिणीची आवर्ती ठेव तिथेच असते. त्या बँकेच्या संचालकांपुढे उद्या अशी चिठ्ठी आली, तर ते कोणाशी बोलतील, कोणाच्या पैशातून देतील, आणि ठेवीदारांना काय सांगतील?

कायदा याबाबत अर्धवट आहे. संगणकीय हल्ला झाल्यास सहा तासांच्या आत 'सर्ट-इन' या सरकारी संस्थेला कळवावे, असा दंडक एप्रिल २०२२ मध्ये काढण्यात आला. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा २०२३ चा कायदा माहिती सांभाळण्यात कसूर करणाऱ्याला अडीचशे कोटी रुपयांपर्यंत दंड सांगतो. चांगले आहे. पण खंडणी दिली काय, किती दिली, कोणामार्फत दिली, हे लोकांपुढे मांडण्याचे बंधन या दोन्हींत नाही. इतकेच नव्हे, दंडाची भीती मोठी आणि खंडणीचे गुपित सुरक्षित, अशी स्थिती असेल तर घाबरट संचालक चोराकडेच वळेल. चोरही ते जाणतात. रॉयल मेलशी बोलताना लॉकबिटने हेच गणित मांडले होते. सरकारी दंड उलाढालीच्या चार टक्के पडेल, आम्ही तर अर्धाच टक्का मागतो!

ऑस्ट्रेलियाने २०२४ च्या कायद्याने खंडणी दिल्यापासून ७२ तासांत सरकारला कळवणे ठराविक उलाढालीच्या पुढच्या उद्योगांना सक्तीचे केले आणि मे २०२५ पासून ते अमलातही आणले. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिना आणि फ्लोरिडा या राज्यांनी आपल्या सरकारी कचेऱ्यांना खंडणी देण्यास मनाई केली आहे. सार्वजनिक संस्थांवर, म्हणजे आरोग्यसेवा, नगरपालिका, शाळा यांच्यावर अशीच बंदी घालण्याचा मनोदय ब्रिटनच्या सरकारने जुलै २०२५ मध्ये जाहीर केला. नकाराचा परिणाम होत नाही असे नाही. या व्यवहारांचा माग ठेवणाऱ्या 'चेनॅलिसिस' संस्थेच्या हिशेबाने २०२३ मध्ये जगभरात सुमारे सव्वाशे कोटी डॉलर खंडणीपोटी गेले. २०२४ मध्ये तो आकडा एक्याऐंशी कोटींच्या आसपास उतरला. पोलिसांच्या धाडी आणि 'नाही' म्हणणाऱ्यांची वाढलेली संख्या, ही दोन्ही कारणे तीच संस्था देते.

भारतात ठेवीदारांच्या किंवा करदात्यांच्या पैशावर चालणाऱ्या कोणत्याही संस्थेला खंडणी देण्यास कायद्याने मनाई असली पाहिजे. खाजगी उद्योगाने दिली, तर ती ताळेबंदात तिच्या खऱ्या नावाने दिसली पाहिजे. विमा कंपन्यांनी तिची भरपाई करणे थांबवले पाहिजे. आणि लहान बँकेवर, जिल्हा रुग्णालयावर घाला आला तर रातोरात धावून येणारे सरकारी पथक असले पाहिजे. कारण मदत नसताना केलेली बंदी म्हणजे बुडणाऱ्याला केलेला उपदेश. दिल्लीत हे व्हायला वेळ लागेल. उद्योगजगताच्या संघटना 'व्यवहार्यता' नावाचे आपले ठेवणीतले शस्त्र बाहेर काढतील, समित्या नेमल्या जातील.

तोवर एक गोष्ट वाचकांच्या हाती आहे. आपल्यापैकी अनेक जण कोणत्या ना कोणत्या सहकारी बँकेचे किंवा पतसंस्थेचे सभासद आहेत. सप्टेंबर अखेरपर्यंत तिची वार्षिक सर्वसाधारण सभा होते. बहुतेक सभासद लाभांशाचा टक्का ऐकतात आणि चहा घेऊन परततात. या वर्षी विषयपत्रिकेवर लेखी प्रश्न आधीच द्यावा: बँकेच्या माहितीची जाळ्यापासून वेगळी ठेवलेली प्रत आहे काय, ती प्रत्यक्ष उघडून शेवटची कधी पाहिली, संगणक-सेवा कोणत्या कंपनीकडून घेतली जाते आणि तिची तपासणी कोण करते, आणि खंडणी देणार नाही असा संचालक मंडळाचा ठराव झाला आहे काय. अध्यक्षांनी उत्तर 'नंतर कळवू' असे दिले, तर तेवढे शब्द इतिवृत्तात नोंदवून घ्यावेत.